खांद्यावरचा घट्टा

पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो, पण नागपूरच्या कोरड्या बंदरातला तो मृत्यू विसरता आलेला नाही. कोरडं बंदर म्हणजे समुद्राविना बंदर. इथं कंटेनर भरून, सील लावून रेल्वेनं मुंबईला जातात. तांदळाचा हंगाम लागला की हमालांना दम खायलाही फुरसत नसते.

अशाच हंगामात पोत्यांची थप्पी एका हमालावर कोसळली. चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता. गळ्यातल्या पासवर नाव होतं, टोळीतल्या तेरा जणांनी तेच सांगितलं, बायको तर धाय मोकलून रडली. मी अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा लिहिला आणि शवविच्छेदनानंतर प्रेत तिच्या ताब्यात दिलं. बंदोबस्ताला घाटावरही गेलो.

महिन्याभरानं गोंदियाकडची एक बाई ठाण्यात आली. नवरा नागपुरात कामाला आला होता, फोन लागत नव्हता. मी मिसिंग, म्हणजे हरवल्याची तक्रार, नोंदवली. ती मात्र रोज येऊन बाकावर बसायची.

त्याच आठवड्यात खबऱ्या सांगत आला की मेलेला हमाल कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या पेट्या उचलतोय. मी त्याला हाकलणारच होतो. मग कागद काढले. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: उजव्या खांद्याची कातडी ताजी सोललेली. पंधरा वर्षं पोती वाहणाऱ्याच्या खांद्यावर घट्टा पडलेला असतो; कातडी सोलते ती नवख्याची. मी ते पाहिलं, लिहिलं आणि खाली सही ठोकून मोकळा झालो. आजही स्वतःचा राग येतो.

कळमन्यातून त्या हमालाला ठाण्यात आणलं. मी गोंदियाकडच्या बाईनं दिलेला तिच्या नवऱ्याचा फोटो पुढे ठेवला. त्यानं तो पालथा केला.

"साहेब, मले कावीळ झाली होती. सीझनमधी टोळीतली जागा सुटली का मंग भेटत नाही. म्हणून माह्या पासवर त्याले धाडलं."

बाकीचं टोळीच्या मुकादमानं कबूल केलं. आजाऱ्याच्या पासवर बदली माणूस पाठवणं टोळ्यांमध्ये चालतच आलेलं. पण त्या वर्षी हमालांनी काम बंद ठेवून यादीतल्याच माणसांना काम, बाहेरचा एकही नाही, हे कंत्राटदाराकडून मान्य करून घेतलं होतं. बदली माणूस उघडा पडला असता, तर यादी फाडायला कंत्राटदाराला निमित्त मिळालं असतं. म्हणून मुकादम पोलिसांच्या आधी हमालाच्या बायकोकडे पोचला होता आणि प्रेत नवऱ्याचंच म्हणायला तिला सांगून आला होता.

गुन्हा दाखल झाला. यादीही गेली. चौदा घरांचं काम माझ्या कागदांनी सुटलं, हेही मला सलतं.

गोंदियाकडच्या बाईला मीच सांगितलं.

"तिथं त्याच्यासाठी कोणी रडलं काय, साहेब?"

मी म्हणालो, रडलं. कोण, तेही सांगितलं. तिनं त्या हमालाच्या बायकोकडे न्यायला सांगितलं.

नागपुरातल्या नंदनवन भागामागच्या वस्तीत आम्ही पोचलो. हमालाच्या बायकोनं कोनाड्यातून फडक्यात बांधलेल्या अस्थी काढल्या. तिनं त्या विसर्जित केल्याच नव्हत्या.

"माह्या नव्हत्या, बाई. कशा सोडू?" असं म्हणून तिनं ते गाठोडं गोंदियाकडच्या बाईच्या ओटीत ठेवलं.

प्रेत पाहिलं त्या दिवशीचं हमालाच्या बायकोचं रडणं मी ओळख पटल्याचा पुरावा म्हणून लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. ती तिच्या नवऱ्याच्या जागी मेलेल्या माणसासाठी रडत होती, आणि कोणासाठी रडतेस, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.