समुद्राची पाटी

धारूरचा आसाराम पेंटर जुनी अक्षरं कधी खरवडत नाही, वरून रंगाचा पातळ हात मारतो. ही अक्कल त्याला पुढाऱ्यांनी शिकवली. पक्ष सोडलेले महाशय चार महिन्यांत माघारी येतात आणि जुनीच पाटी मागतात.

परवा त्याला कॉलेजातल्या प्राध्यापकांनी बोलावलं. दारावरच्या ‘आशिया-पॅसिफिक अभ्यास केंद्र’ या पाटीवर आता ‘इंडो-पॅसिफिक’ लिहायचं होतं.

“कावून सर? समुद्र सरकला का काय?”

“समुद्र तिथंच आहे रे. अमेरिकेनं नाव बदललं. त्यात आपलंही नाव येतं, म्हणून आपण खूश. चीनला मात्र ते मान्य नाही.”

“मंजी भांडण मिटलं न्हाई,” म्हणत आसारामनं पातळ हात मारला.

“अरे, खालचं दिसतंय!”

“दिसू द्या की. उद्या लागंल.”

डबे सायकलला अडकवून तो डोंगरातल्या आपल्या वस्तीकडं निघाला. दिवाळीनंतर सगळी ऊसतोडीला गेली की तिथं कुत्रंही उरत नाही. फाट्यावर वस्तीची पाटी आजवर लागलेली नाही. डोंगराच्या अलीकडची ग्रामपंचायत छातीठोक सांगते, वस्ती पलीकडच्यांच्या हद्दीत आहे. पलीकडची तितक्याच छातीठोक सांगते, अलीकडच्यांच्या.