कूलरला आराम हवा

आमच्या घरमालकांइतकं कूलरवर प्रेम करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही, आणि घरात कूलर असूनही इतका घाम गाळणारा तर मुळीच सापडायचा नाही. अकोल्याचं ऊन ज्याने पाहिलंय त्याला मी काय सांगणार. ज्याने पाहिलं नाही त्याच्यासाठी एवढंच, की मे महिन्यात दुपारी इथे गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला तर चहापत्ती टाकावीशी वाटते. मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. आठवीतून शाळा सुटली. ती मी सोडली की तिने मला, हा वाद घरी अजून मिटलेला नाही. पोटामागे फिरत फिरत इथल्या एका बेकरीत भट्टीवर लागलो. परमुलखातल्या एकट्या माणसाला कोणी खोली देईना. काकांनी दिली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कोकनातला हायेस, मासे शिजवशीन का घरात?" मी म्हटलं, नाही. "मंग राय." एवढ्यावर मला डोक्यावर छप्पर मिळालं. त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यात हसणं आलं तरी त्याच्याखाली उपकार आहेत, हे वाचणाऱ्याने धरून चालावं. आणि हे काकांच्या वाचनात आलं तर खोली जाईल का, ही धाकधूकही आहेच.

काका कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी कोर्ट त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. घरातला कुठलाही विषय त्यांच्यापुढे अर्ज होऊन येतो आणि बहुतेक वेळा तारीख घेऊन परत जातो. नोकरीत असताना, लेक शाळेत जात होती त्या काळात, त्यांनी हा कूलर घेतला. जाड पत्र्याचा, कपाटाएवढा, हिरव्या रंगाचा. त्याच्यानंतर घेतलेले गल्लीतले सगळे कूलर भंगारात गेले, हे काका ज्या समाधानाने सांगतात, त्या समाधानाने लोक मुलाची सरकारी नोकरी सांगतात. "लोकं कूलर वापरते," ते म्हणतात, "सांभाळत कोनी नाही."

सांभाळणं म्हणजे काय ते होळी झाली की दिसायचं. आतल्या खोलीतून कूलर अंगणात यायचा. टाकीला आतून डांबराचा हात, वरून रंगाचा हात. पाणी झिरपायच्या बाजूच्या ताट्या वाळ्याच्याच, बाजारातल्या लाकडी भुशाच्या नाहीत. त्या काका उन्हात उलट्यासुलट्या वाळवायचे आणि जुन्या कंगव्याने विंचरायचे. शनिवारी सकाळी मारुतीला तेल वाहून आले की बाटलीतलं उरलेलं नव्हे, वेगळं ठेवलेलं शिलाई मशीनचं तेल ते बेअरिंगला घालायचे. मारुतीचं तेल चिकट असतं, देवाला चालतं, मोटरला चालत नाही, असं त्यांचं मत. एकदा काकू उंबऱ्यात बसून हे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अवो, दोन थेंब माह्या गुडघ्यावर बी टाका. ते बी कुरकुरून राह्यले." काका मान वर न करता म्हणाले, "तुह्या गुडघ्याले गॅरंटी नोती, याले होती."

पाण्याचं तर विचारूच नका. आमचा सगळा भाग खारपाणपट्ट्याचा. बोअरचं पाणी असं खारट की साबण अंगावर फिरतो पण फेस काढत नाही. नळाचं गोडं पाणी येतं, पण जावयासारखं, बऱ्याच दिवसांनी आणि वेळ न सांगता. ते आलं की काका पहिल्यांदा कूलरसाठी ड्रम भरून ठेवायचे, मग पिण्याचे हंडे, आणि आंघोळीला आम्ही सगळे बोअरवर. "खाऱ्या पान्यानं ताट्या दगड होते अन् पंप मरते," ते सांगायचे. यात खोटं काही नव्हतं. फक्त घरात कूलरचं अंग मऊ आणि माणसांचं अंग पांढरं, खाजरं अशी स्थिती होती. माझ्या पायांवरसुद्धा त्यांची नजर असे. माझी खोली बरोबर वर. मी जिना उतरलो की हादऱ्याने कूलरचे नट ढिले होतात असं त्यांनी एकदा बोलून दाखवलं. तेव्हापासून मी चोरासारखा पावलांच्या टोकांवर जिना उतरतो. शेजारणीला वाटतं मला टाचेचं दुखणं आहे.

आणि एवढी सेवा करून कूलर चालायचा कधी? तर पहाटे. दुपारी बाहेरची हवा तापलेली असते, तेव्हा मोटरवर ताण येतो, म्हणून दुपारी कूलरला आराम. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, म्हणून संध्याकाळी आराम. पहाटे हवा आपसूकच गार झाली की काका उठून बटण दाबायचे आणि आम्हाला अभिमानाने विचारायचे, "काय हवा फेकते, नाई?" दुपारी कोणी पाहुणा आला आणि बंद कूलरकडे आशेने पाहू लागला, तर त्याच्या हाती पुठ्ठा यायचा. त्या पुठ्ठ्यालासुद्धा कडेने कापडी पट्टी लावलेली होती, टिकावा म्हणून.

हे सगळं हसत हसत चाललं असतं. पण यंदा चैत्रात काकूंच्या छातीत दुखलं. अमरावतीला, लेक असते तिथल्या दवाखान्यात, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, यांना उन्हाची झळ लागता कामा नये, खोली गार पाहिजे. लेकीच्या, म्हणजे आमच्या ताईंच्या, फ्लॅटमध्ये एसी आहे. ताई म्हणाल्या, आई आता माझ्याकडेच राहील, कायमची. काकूंना ते नको होतं. त्यांचं सगळं आयुष्य या घरात, या अंगणात गेलेलं; अमरावतीच्या पाचव्या मजल्यावर त्यांना बाहेर फक्त दुसऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसायच्या. काकांना तर ते इतकं नको होतं की त्यांना ते बोलताही येईना. शेवटी त्यांनी कोर्टाच्या भाषेत हमी दिली. "घरी कूलर हाये. तुह्या आईले थंडं ठेवाची जबाबदारी माही." ताई म्हणाल्या, "ठीक हाय बाबा. पन मी न सांगता येईन. अन् आई घामात दिसली, तं त्याच दिवशी नेईन."

काका सुधारले, पण त्यांच्या पद्धतीने. कूलर आता दुपारीही सुरू झाला. तासभर चालला की तासभर आराम. आरामाच्या तासात काका स्वतः काकूंच्या उशाशी बसून पुठ्ठ्याने वारा घालायचे. म्हणजे मोटरचा ताण काकांच्या खांद्यावर यायचा. मी एकदा भीत भीत सुचवलं, की काका, तासभर आणखी चालू दिला तर? ते म्हणाले, "माह्या खांद्याले काय होते बा? मोटर जयली तं मेकॅनिक दोन दिवस येत नाही. मंग हिचं काय करू?" असा मे महिना निघाला.

मग मृग लागला.

काकांच्या घरी कूलर पाडव्याला खिडकीत बसतो आणि मृग लागला त्या दिवशी उतरतो. पाऊस येवो न येवो. पंचांगात उन्हाळा संपला की संपला, त्यावर अपील नाही. पावसाची सर टाकीत गेली तर पत्रा गंजतो, हे त्यामागचं कारण. त्याप्रमाणे त्यांनी ताट्या सोडवल्या, टाकी पुसली, मोटर फडक्यात गुंडाळली, सगळ्यावर मेणकापड घालून सुतळीने बांधलं आणि माझ्या मदतीने कूलर आतल्या खोलीत पाटावर ठेवला. आभाळ मात्र कोरडं ठणठणीत होतं. मी म्हटलं, "काका, पाऊस तर नाही." ते म्हणाले, "येते. मृग लागला म्हंजे येते." काकूंनी पडल्या पडल्या माझ्याकडे पाहून डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या.

पाऊस आला नाही. ऊन मेपेक्षा चढलं. काका दिवसभर वारा घालत राहिले, दाराला ओलं पोतं लावलं, फरशीवर पाणी शिंपडलं. तिसऱ्या की चौथ्या दुपारी मी जेवायला घरी आलो तर काकू पलंगावरून खाली फरशीवर येऊन पडल्या होत्या. श्वास तोंडाने चालला होता, पदर गळ्यापर्यंत भिजलेला. काका बाजूला मांडी घालून पुठ्ठा हलवत होते आणि पुठ्ठ्याला कसला वेगच नव्हता. त्यांचा हातच उचलत नव्हता. मी दारातच घाबरून उभा. तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं आणि ताई आत आल्या.

त्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग रिकाम्या खिडकीकडे. "कूलर कुठं हाय?"

"मृग लागला," काका म्हणाले.

"बाबा, मृगाले काय समजते आईचं?" ताई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कपाट उघडून आईची लुगडी पिशवीत भरायला सुरुवात केली. काकू खालून बारीक आवाजात म्हणाल्या, "अवं, थांब ना वं माय. मले नाई जा लागत." ताईंनी पिशवी भरणं थांबवलं नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा माणूस कुणाकडून स्थगिती मागतोय असं मी पाहिलं नव्हतं.

मग ते उठले. आतल्या खोलीत गेले आणि सुतळीची गाठ सोडायला लागले. गाठ त्यांनीच मारलेली, वर्षभर टिकेल अशी. काका सुतळी कधी कापत नाहीत. पुढच्या वर्षी लागते. या घरात कापलेली सुतळी मी पाहिलेली नव्हती. ते दोन मिनिटं झगडले आणि एकदम मला म्हणाले, "बावा, इळी आन."

विळीवर सुतळी कापली. मी आणि ताईंनी कूलर उचलून खिडकीत बसवला, काकांनी मोटर आणि ताट्या परत लावल्या. ताईंच्या पंजाबी ड्रेसला डांबर लागलं. ड्रममधलं गोडं पाणी संपलेलं होतं. मी विचारलं, "काका, बोअरचं टाकू?" ते म्हणाले, "टाक ना. इचारतं काय!" मी टाकीत खारं पाणी ओतलं. काकांनी बटण धरलं. त्यावर एक, दोन, तीन असे आकडे होते. एकचा आकडा बोटांनी घासून पुसून गेलेला, तीनचा दुकानातून आणल्यासारखा कोरा. काकांनी बटण एकवर थांबवलं नाही, दोनवरही नाही.

कूलर अंगात आल्यासारखा हलला. मग खोलीतलं कॅलेंडर भिंतीवरून उडालं, देवाजवळची उदबत्तीची राख उडाली, ताईंच्या पिशवीतलं लुगडं उलगडून पसरलं. आम्ही सगळे काकूंकडे पाहत होतो. त्यांचे केस मागे उडाले, कपाळ सुकलं. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "एवढी हवा होती याच्यात?"

ताई हसू लागल्या, आणि हसता हसता पदर नव्हता म्हणून ओढणीने डोळे पुसू लागल्या. "बाबा, तुमी ना, राजेहो..." एवढंच त्यांना म्हणता आलं. संध्याकाळपर्यंत त्या बसून राहिल्या, आईच्या कपाळाला दर थोड्या वेळाने हात लावून पाहत. जाताना त्यांनी लुगडी परत कपाटात ठेवली आणि मला बाहेर बोलावून हळूच म्हणाल्या, "बंद केला तं मले फोन कर." मी हो म्हटलं आणि घाबरलो, कारण मी ना त्यांचा शब्द मोडू शकत होतो, ना काकांची चहाडी करू शकत होतो.

मला फोन करावा लागला नाही. मोटर दोन दिवसांत घरघरायला लागली. मेकॅनिक कान लावून म्हणाला, याला थोडी उसंत द्या, नाही तर पुढचा उन्हाळा हा काही पाहत नाही. काकांनी ऐकून घेतलं. त्याला चहा पाजला, पाठवून दिलं. कूलर चालूच होता.

परवा सकाळी काकू कुशीवर वळून म्हणाल्या, "अवो, मले थंडी वाजून राह्यली." मी जिन्यात होतो, थबकलो. मला वाटलं, आता बटण फिरणार. काका उठले, कूलरच्या बाजूने आत गेले, पेटी उघडली आणि हिवाळ्याची गोधडी घेऊन आले. ती काकूंच्या अंगावर घातली, पायाकडून नीट खोचली, आणि हवा त्यांना सरळ लागावी म्हणून स्वतः भिंतीकडे, उकाड्यात, सरकून बसले.