नाना खैरनारांचा प्रोसेसर

नाना खैरनार जेवायला बसले की आधी भाकरीची जाडी मोजत. ही ऐकीव गोष्ट नाही. त्यांच्या शेजारच्या पाटावर बसून मी ती दोनदा पाहिली आहे. सदऱ्याच्या खिशातून व्हर्नियर कॅलिपर निघे, भाकरीच्या दोन कडा आणि मध्य अशा तीन जागी लागे आणि नाना स्वयंपाकघराकडे बघून निकाल देत, "मधी जरा जाड शे. पण चालई जाई." आतून शांताकाकू विचारत, "मंग टाकू का भंगारमा?" नाना भाकरी मोडत. पस्तीस वर्षांच्या संसारात एकही भाकरी परत गेली नव्हती, तरी तपासणी चुकली नव्हती.

सातपूरच्या एका कारखान्यात नानांनी सारी नोकरी तपासणी खात्यात काढली. मशीनवरून उतरलेला प्रत्येक भाग यांच्या टेबलावर येई आणि यांनी शिक्का मारल्याशिवाय बाहेर जात नसे. माणूस निवृत्त झाला, शिक्का झाला नाही. "मोजल्याशिवाय पास नाय," हे त्यांचं ब्रीद. दुसरं, "डोळ्याला सरळ दिसतं ते सरळ असतंच असं नाय, सर." मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला, म्हणून मी 'सर'. आमच्या इमारतीत ते माझ्या डोक्यावर राहत, हे दोन्ही अर्थांनी खरं होतं.

त्यांची खरेदी हा एक स्वतंत्र सोहळा असे. एका मार्चमध्ये त्यांनी छताचा पंखा घ्यायचं मनावर घेतलं. पात्यांची लांबी, फेऱ्या, आवाज, दुकानदाराचा स्वभाव अशी सगळी तुलना वहीत उतरली आणि पंखा दिवाळीनंतर बसला. त्या थंडीत त्यांच्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाने शिंकत शिंकत पंख्याची तारीफ केली. घाई करा असं कोणी म्हटलं की नानांचं उत्तर तयार असे, "घाई कसाले? घाईचं काम रिजेक्ट व्हतं."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग काकूंच्या डोळ्यांचं निघालं. साखरेमुळे उजवा डोळा आधीच गेला होता, आता डाव्याच्या पडद्यावरही रक्त उतरायला लागलं. उपचार सुरू होते, पण नजर किती दिवस टिकेल हे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तारीख दिली नाही म्हणजे मुदत भरपूर आहे, असा अर्थ फक्त तपासणी खात्यातला माणूसच काढू शकतो. नानांनी तो काढला.

काकूंनी त्याच आठवड्यात एक गोष्ट मागितली. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची, नामपूरची, एक व्हिडिओ कॅसेट घरात होती. त्या लग्नानंतर वर्षभरात काकूंची आई गेली. "फोटो दोन शेतस, दोन्हीमा माय बठेल शे," त्या मला सांगत होत्या. मग माझ्यासाठी मराठीत आल्या, "चालताना ती फक्त त्या कॅसेटमध्ये आहे, सर. दिसतंय तोवर मला एकदा आई चालताना बघायचीय."

कॅसेटला बुरशी लागली होती. नानांनी ती भिंगाखाली धरून पाहिली आणि जाहीर केलं, "ही एकदाच फिरनार. दुसऱ्यांदा तुटनार." जुना व्हीसीआर घरात चालू होता. लावला असता तर काकूंना त्या संध्याकाळी आई दिसली असती. पण एकदाच फिरणार म्हणजे त्याच वेळी ती कॉम्प्युटरमध्ये उतरवली पाहिजे, म्हणजे काकूंना हवी तेवढी मोठी करून, हवी तितक्यांदा बघता येईल. स्टुडिओवाल्याच्या हातात कॅसेट द्यायची नाही. कॉम्प्युटर घरीच जुळवायचा. इथवर सगळं शहाण्यासारखं होतं, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो.

मग आम्ही दोघे एम. जी. रोडवर जुन्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो आणि तिथे शहाणपण संपलं. दुकानदाराने काउंटरवर दोन प्रोसेसर ठेवले, दोन्ही दहाएक वर्षांपूर्वीचे. एक चार कोरचा, पण वेगाला तेज. दुसरा प्रतिस्पर्धी कंपनीचा, आठ कोरचा, पण संथ आणि तापट. कोर म्हणजे काय, असं नानांनी विचारलं. मी लॅबमधल्या सवयीने सांगून बसलो, "कामगार समजा. इथे चार, तिथे आठ."

"चार पक्के फिटर का आठ हेल्पर?" नाना म्हणाले आणि त्यांचे डोळे चमकले. मी तेव्हाच त्यांना हाताला धरून बाहेर काढायला हवं होतं.

कॅसेट उतरवण्याच्या कामाला यातला कुठलाही एक प्रोसेसर म्हणजे पापड मोडायला घण होता. हे मी सांगितलं. एकदा, हळू आवाजात. "दोन्ही चांगले? मग दोन कसाले बनवले?" असं नानांनी विचारलं. मग त्यांनी नवी वही काढली. मोबाइलवर परदेशातली पोरं या दोन प्रोसेसरांवर बंदुकांचे खेळ चालवून दाखवत, ते नाना चष्मा लावून बघत आणि सेकंदाला किती चित्रं पडली ते उतरवून घेत. नामपूरच्या मांडवातली एक म्हातारी चालताना दिसावी म्हणून हा गृहस्थ पाच महिने परक्या देशातला गोळीबार मोजत होता. त्यांची भीती एकच: कॅसेट फिरत असताना मशीन अडखळलं आणि नेमकी सासूबाईंचीच चार पावलं गळाली तर?

त्या महिन्यांत एका दुपारी काकू जिन्याचा कठडा चाचपत माझ्या दारात आल्या. "सर, ते तुमचं ऐकतात. कोणता तो एक सांगून टाका. मला आता पेपरातला मथळाबी लागत नाही." मी म्हणालो, "आजच सांगतो." संध्याकाळी नाना आले ते नवी शंका घेऊन. आठ कोरवाला तापतो, तर उन्हाळ्यात काय? आणि मी, त्या बाईला शब्द दिलेला मी, लॅपटॉप उघडून त्यांना तापमानाचे आलेख दाखवत बसलो. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. कॉलेजात माझं इतकं मन लावून कोणी ऐकत नाही. नानांना मी इतका वेळ हसलो, पण त्या संध्याकाळी आमच्या दोघांत मूर्ख कोण होतं याचा निकाल लावायला कॅलिपर लागणार नाही.

श्रावणात एका सकाळी काकू उठल्या आणि नानांना म्हणाल्या, "आज दिवा लावला नही का?" खिडकीतून ऊन आत आलेलं होतं. डाव्या डोळ्यात रात्रीतून रक्त भरलं होतं. चार दिवस दवाखाना झाला. नजर परत येईल अशी आशा धरू नका, असं शेवटी सांगितलं गेलं.

दवाखान्यातून नाना थेट माझ्याकडे आले. वही नव्हती. "सर, कोनताबी द्या आनून," म्हणाले. "कोनताबी." त्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला आणि मला तो ऐकवेना. मी गेलो, दुकानदाराच्या हाताशी जो होता तो आणला. चार कोरचा की आठ कोरचा, हे सांगण्यात आता अर्थ नाही.

रविवारी सकाळी मी मशीन जुळवलं, व्हीसीआर जोडला. आता हे कशाला, असं मी म्हणून पाहिलं, पण काकू स्वतः खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या होत्या. "लावा. गाणी तरी ऐकू येतील." कॅसेट करकरत फिरली. बँड वाजला, मांडव दिसला, बायका आल्या. एकही चित्र गळलं नाही.

"आली का?" काकूंनी विचारलं.

"आली," नाना म्हणाले. "हातात परात शे. डावीकडून उजवीकडे. अकरा पावलं."

"अकरा नको सांगू. कशी चालस ते सांग."

जन्मभर ज्या नानांनी केसाएवढा फरक पकडला, त्यांना एवढंच सांगता येईना. ते पडद्याकडे बघत राहिले, मग उठले. काकूंना हाताला धरून उभं केलं, त्यांचे दोन्ही हात आपल्या खांद्यांवर ठेवले आणि त्यांच्या पुढे चालायला लागले. कंबरेत थोडं वाकून, उजवं पाऊल टाकून, डावं किंचित ओढत घेत. काकू मागून त्या लयीत डुलत चालत होत्या. अर्ध्या खोलीत त्या थांबल्या. त्यांचे हात नानांच्या खांद्यांवर घट्ट आवळले.

"हां," काकू म्हणाल्या. "मनी मायच. डावा पाय असाच व्हता." त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मग त्यांनी नानांच्या पाठीवर थाप मारली. "चाल ना. थांबू नको."

नाना पुन्हा भिंतीपासून निघाले. पडद्यावर लग्न लागून पंगती बसल्या होत्या, पण तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.