उबेचा खर्चा

गोवरी, पऱ्हाटी, बाभळीचं लाकूड आणि कोळसा यांत सगळ्यांत स्वस्त ऊब कशाची, हे अख्ख्या जालन्यात फक्त मला ठाऊक आहे. मला कोणी विचारत नाही, ती गोष्ट वेगळी.

निजामाच्या अमलातले दिवस. मी सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, पोरांना हिसाब शिकवायचो (उर्दूत शिकवायचो, त्यामुळं चुकलो तरी घरी कोणाला कळत नसे). मस्तगड मोहल्ल्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. माझ्या बायकोचं, इंदिरेचं माहेर भोकरदनचं. पण तिची आई गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याच घरी करायचं ठरलं आणि त्यासाठी माझी रखमाआत्या तीर्थपुरीहून आली. ऐन पौषात लेक झाली. थंडी अशी, की वाटीतलं खोबरेल चमच्यानं खरवडून काढावं लागे.

आत्यानं बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवली, तिच्यात गोवऱ्या पेटवल्या आणि वर खिडकी सताड उघडी टाकली. हे मला बघवेना. मी म्हणालो, "आत्या, ऊब सगळी बाहेर चालली. आपण आपल्या पैशानं मस्तगड तापवून राह्यलो."

आत्या म्हणाली, "धुराला वाट लागती, भास्करा. तू तुझं मदरशाचं बघ."

हिसाबाच्या मास्तराला असं सांगून तो गप्प बसला असता तर त्याला मास्तर कोण म्हणालं असतं? मी वही काढली. चार जळणं, चार रकाने. थर्मामीटर कुठला असायला! मग मी गोठलेल्या खोबरेलाची वाटी शेगडीपासून दोन हातांवर ठेवायची आणि तेल पातळ व्हायला किती मिनिटं लागतात ते घड्याळावर बघायचं, असं माप काढलं. (ते तेल बाळाच्या मालिशचं होतं. बाळ रडायचं, आत्या हात पुढं करून बसायची, आणि मी म्हणायचो, "थांबा, अजून कडेला पांढरं दिसतंय.")

पहिल्या दिवशी गोवऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या. त्या भडकन पेटल्या, फडफडल्या, आणि तेलाला घाम फुटायच्या आत राख झाल्या. तिसऱ्या दिवशी बाभळीच्या ओल्या लाकडानं इतका धूर केला, की शेजारची जैबुनखाला पाण्याची घागर घेऊन धावत आली. खाला म्हणजे टांगेवाल्याची बायको. आमची आणि त्यांची भिंत एकच. तिला वाटलं घर पेटलं. मी तिला वही दाखवली. तिनं वहीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि आत्याला हळूच विचारलं की मास्टरसाबला हे आधीपासून आहे की बच्ची झाल्यावर सुरू झालं.

राहिला कोळसा. शेराला सगळ्यांत महाग तोच. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कोळशाला धूर नसतो. धूर नाही तर खिडकी कशाला उघडी ठेवायची? आणि खिडकी बंद केली तर थोडक्या कोळशात दिवस निघतो! कागदावर तरी कोळसा गोवरीच्या निम्म्यात पडत होता. मी ठरवलं, जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, सुट्टीला ताळा करायचा आणि रात्रीपासून मायलेकींना कोळशावर ठेवायचं.

जुम्म्याला सकाळी आत्या दोघींना न्हाणीत घेऊन गेली. आत्याची अंघोळ घालायची रीत सावकाश. खोली तासभर तरी मोकळी होती. मी खिडकीत गोधडी कोंबली. दाराच्या फटी उरल्या, त्यांत पोरांच्या तिमाही परीक्षेच्या पेपरांच्या सुरळ्या करून बसवल्या (नापासांच्या, त्या जाड होत्या). माप चोख यावं म्हणून शेगडी काठोकाठ भरली, वाटी ठेवली आणि वही घेऊन बसलो.

ती वही पुढं कित्येक वर्षं घरात होती. पहिली नोंद सुबक आहे. दुसरी जरा उतरत गेली आहे. तिसरीत मी लिहिलंय, 'ऊब उत्तम. डोकं जड, जागरणामुळं असावं.' चौथीत 'तेल पात' एवढंच आहे, आणि पुढं पानाच्या कडेपर्यंत एक रेघ.

आत्या बाळाला गुंडाळून आली तर दार उघडेना. तिनं हाका मारल्या, पण आतून ओ नाही. तिनं बाळ इंदिरेकडं दिलं आणि खालाला बोलावलं. दोघींनी खांदे लावले, सुरळ्या निसटल्या, दार उघडलं. मी वाटीत तोंड घालून पडलो होतो. दोघींनी माझा एकेक पाय धरून मला अंगणात ओढत आणलं. तोंडावर घागर ओतली. (खालाची तीच घागर; तिला शेवटी काम मिळालं.)

डोळे उघडले तेव्हा डोक्यात घण बसत होते. इंदिरा ओल्या केसांनी बाळाला छातीशी धरून उभी होती. आत्या माझ्याजवळ जमिनीवर बसली होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "रातच्याला ह्या दोघी असत्या आत, मंग?"

  वांती होत होती, डोकं फुटत होतं, आणि मी मनातल्या मनात देवाला हात जोडत होतो, की हे माझ्यावर आलं, त्या दोघींवर आलं नाही.

हकीमसाहेब आले. म्हणाले, तीन दिवस पडून राहा, वारा लागू देऊ नका, पौष्टिक खा. घरात बाज एकच होती, बाळंतिणीची. इंदिरा म्हणाली, "अहो, तुम्हीच निजा, मला खाली बरं वाटतं." आत्यानं माझे कान रुमालानं बांधले, शेजारी शेगडी ठेवली, खिडकी उघडली आणि हातात डिंकाचा लाडू दिला.

त्या तीन दिवसांत गल्लीतल्या बायका बाळंतिणीला बघायला आल्या. दारातून वाकून पाहायच्या, तर बाजेवर कान बांधून लाडू खाणारा मी! मदरशात निरोप गेला तो वेगळाच. घरी बाळंतपण आहे आणि मास्तर आजारी आहेत, असं मी कळवलं होतं. तिथल्या कारकुनानं दोन्ही गोष्टी एकत्र करून माझ्या रजेपुढं 'जचगी', म्हणजे बाळंतपण, असं कारण मांडलं. आणि हेडमास्तरांनी मुबारकबाद देऊन ती रजा मंजूर केली.

त्या दिवसापासून महिनाभर जैबुनखाला सकाळ-संध्याकाळ आपल्या चुलीतले निखारे घमेल्यात घालून आणून देई. पैसे विचारले तर म्हणाली, "मास्टरसाब, आग का कभी पैसा लेते क्या?" मी वही उघडली, पाचवा रकाना आखला, आणि त्यात काय लिहावं ते सुचेना म्हणून मिटून ठेवली. खिडकी मात्र मी स्वतः रोज तपासत असे.

बारशाला आत्याला रीतीप्रमाणं लुगडं घेतलं. आत्यानं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि सगळ्या बायकांसमोर शांतपणे म्हणाली, "एकच? मी तर दोन बाळंतपणं केली. लेकराच्या आईचं बिलकुल सोपं गेलं. बापाला मात्र पाय धरून ओढावं लागलं."

दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन मी आणखी दोन लुगडी आणली. एक आत्याला, एक खालाला. दुसरा पाय तिनं ओढला होता.