ओठ आधी, आवाज मागून

आमच्या ह्यांना लकवा मारला. हातपाय थोडेफार परतले, पण बोलणं काही परतलं नाही. सावनेरकडच्या कोळसा खाणीत जन्मभर मशीनच्या वर आवाज चढवून बोललेला माणूस हो. घरात मीठ मागितलं तर शेजारीण उठून द्यायची. तो माणूस आता नुसता "ब ब" करायचा, आणि जमलं नाही की हाती लागेल ते भांडं फेकायचा.

पुण्यात लेकाकडे होतो तेव्हा तिथल्या एका बाईंनी ह्यांना बोलायला शिकवायला घेतलं होतं. डॉक्टरांनी बजावलंच होतं, जे परत यायचं ते सुरुवातीच्या महिन्यांतच येईल, पुढे कठीण. बाईंची रीत अशी की ओठ बघायचे, आवाज ऐकायचा, दोन्ही एकाच वेळी, आणि मग तसं तोंड करायचं. "प" म्हणताना ओठ मिटलेले दिसले पाहिजेत आणि तेव्हाच "प" कानावर पडला पाहिजे. तेवढ्यानं ह्यांचा "प" सुटला होता. मग आम्ही नागपूरला बेसातल्या आपल्या घरी परत आलो आणि शिकवणी टॅबवर सुरू झाली. बाई दिवसभर दवाखान्यात, म्हणून संध्याकाळची वेळ.

तिथं घात झाला. बाईंचे ओठ मिटायचे, उघडायचे, पुढच्या अक्षराला लागायचे, आणि मग कुठं मागचा "प" लंगडत यायचा. ह्यांनी ओठ धरले तर आवाज सुटायचा, आवाज धरला तर ओठ. त्यांना वाटलं आपलंच डोकं गेलं. होता तो "प" सुद्धा गेला. एका संध्याकाळी टॅब पालथा घातला आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले ते बसलेच. माझ्याकडे बघायचे तेही असं, जसं काही मीच त्यांचा आवाज पदराखाली लपवलाय.

गल्लीत घरोघरी नेटची तार ओढून देणाऱ्या तारवाल्याला बोलावलं. त्यानं मोबाईलवर स्पीड तपासून दाखवला आणि नेट टकाटक आहे म्हणाला. मी त्याला संध्याकाळी बाई टॅबवर येईपर्यंत उठूच दिलं नाही. त्यानं बाईंचे ओठ पाहिले, आवाज ऐकला, मग जरा नरम आला. म्हणाला, संध्याकाळी सगळी वस्ती सिनेमे बघते, गर्दी होते. नेटवरून सगळं लहान लहान पाकिटांत जातं, तर तुमच्या बोलण्याच्या पाकिटांवर खूण करतो, ती आधी सुटतील. केली म्हणे खूण. फरक शून्य. मी चपला घातल्या आणि त्याचं दुकान गाठलं.

"काकू, माझ्याकडून तर तुमचंच सगळ्यात पुढं निघून राहिलं," तो म्हणाला. "माझ्यापुढं दुसऱ्या कंपनीचं जाळं, तिच्यापुढं तिसरीचं, मग पुणं. ते माझी खूण पाहत नाही."

"मग ह्या बोर्डावर गॅरंटी कायची लिहून ठेवली गा तू?"

"माझ्या हद्दीपुरती."

हे उत्तर मी पूर्वी ऐकलेलं होतं. लेक बाहेरगावी शिकायला असताना मी सावनेरहून एसटीनं डबा पाठवायची. आमचा कंडक्टर ओळखीचा, डबा पायाशी उभा धरून न्यायचा. नागपूरच्या स्टँडवर दुसऱ्या गाडीत तो चढायचा, आणि तिथला कंडक्टर आडवा फेकायचा. लेकाच्या हाती वरणानं माखलेली पिशवी. मी भांडायला गेले तर आमचा म्हणाला, माझ्या गाडीत थेंब सांडला नाही. खरंच होतं ते. पण पोरगं उपाशी राहिलं, ते कोणाच्या गाडीत?

पुढच्या कंपनीला फोन केला. मुलगी गोड आवाजात म्हणाली, तुम्ही आमच्या ग्राहकच नाही, आमचा ग्राहक तुमचा तारवाला. बाईंनी पुण्यात तक्रार केली, तर तिथले म्हणाले आमच्याकडे सगळं हिरवं दिसतंय. दोन्ही टोकांना एकच कंपनी घ्यावी म्हटलं, तर पुण्याच्या कंपनीची तार बेसात आलेली नाही. मोबाईलच्या नेटवरही तीच रड. जो तो आपल्या हद्दीत शहाणा, कोणाच्या हातून काही बिघडलं नाही, आणि माझा माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेला.

एक दिवस चित्र पारच गोठलं. आज राहू द्या, असं सांगायला बाईंनी साधा फोन केला. आवाज बघा, घरातून बोलावं असा लख्ख. मी तिथंच म्हटलं, "बाई, ठेवू नका. आवाज तुमचा द्या, ओठ माझे घ्या."

फोन स्पीकरवर टाकून पदराआड धरला आणि भिंत आणि खुर्ची यांच्या मध्ये स्टूल घुसवून ह्यांच्यासमोर बसले. ह्यांनी मला ढकलून पाहिलं. मी हलले नाही. बाई "आणि" म्हणून जरा थांबायच्या, मग अक्षर म्हणायच्या, त्याच ठेक्यावर मी तोंड करायची. अट एकच, माझा आवाज निघता कामा नये. आमच्या खानदानात एवढी कडक शिक्षा कोणाला झाली नसेल. हे पहिले काही दिवस नुसते डोळे वटारत बसले. मग एकदा "प" परत आला. हळूहळू "आप" आलं, "बाप" आलं. पण बाईंच्या मागून. स्वतःहून एक शब्द नाही.

आणि अशी शिकवणी चालू असताना तारवाला दारात. तक्रार बंद झाली म्हणून खुशीत होता. चप्पल काढता काढताच सुरू, "पाहा काकू, मी तुमची लाइन पुढं काढून देली न, आता कसं मस्त चालून राहिलं. उगाच माझ्यावर चिडून होत्या. चार लोकायले सांगा आता."

माझ्या जिभेवर काय काय आलं म्हणून सांगू. पण ठेका चालू होता, ओठ पुढच्या अक्षरासाठी तयार, आणि आवाज काढायचा नाही. मी नुसती जळत बसले. तो बोलतच होता.

ह्यांनी मान वळवली. गालाची शीर ताणली, तोंड वेडंवाकडं झालं, ओठ गच्च मिटले.

"चूप."

तारवाल्याची एक चप्पल हातातच राहिली. पदराआडून बाईंचा आवाज आला, "काकू, कोण बोललं आत्ता?"

मी फोन पदराआडून काढून ह्यांच्या तोंडापुढं धरला. खुर्चीतल्या माणसाकडे बघत राहिले, त्यानं अजून एकदा म्हणावं म्हणून.