सोनाआत्याचा गुडघा

हे मी माझ्या नवऱ्याला सांगितलं नाही. तो जाईपर्यंत नाही, आणि गेल्यावर त्याच्या फोटोपुढे उभी राहूनही नाही. मुलींना तर नाहीच — त्यांच्या लेखी आई म्हणजे खेडोपाडी पायपीट करून गोरगरिबांची सेवा केलेली सिस्टर. नातीच्या शाळेत एकदा शाल-नारळ देऊन माझा सत्कारसुद्धा झाला. काय हसले होते मी तेव्हा! तो फोटो अजून भिंतीवर आहे.

मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा परवाचं निमित्त झालं म्हणून. माझेही गुडघे गेलेत आता. दोन हाडांमधली गादी झिजते आणि हाड हाडावर घासतं, वयाचंच दुखणं, नवल काही नाही. परवा दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, कसं आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं — "बरं आहे." खुर्चीतून उठताना मी टेबल धरलं होतं, ते तिनं पाहिलं. म्हणाली, "आजी, खरं सांगा बरं." दुसऱ्यांदा विचारलं तिनं. एवढंच झालं. पण घरी आले आणि मला घास उतरेना.

दुष्काळाची सालं होती ती. नगरला नर्सिंग शिकून मी संगमनेरच्या बाजूला एका हॉस्पिटलात लागले होते, टेंपररी. पुण्याहून एक मोठे डॉक्टर दर गुरुवारी तिथं यायचे. नाव सांगत नाही. माणूस वाईट नव्हता, आणि त्यांच्यावर ढकलून मला सुटायचंही नाही. त्यांचा अभ्यास चालला होता — झिजलेल्या गुडघ्यात औषधाची सुई दिली तर खरंच फरक पडतो का, याचा. निम्म्या लोकांना औषध द्यायचं आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं ते आम्हालाही कळू द्यायचे नाहीत. आणि पेशंटला? असं काही असतं हेच त्यांच्या गावी नव्हतं. डॉक्टरनं सुई दिली म्हणजे औषधच दिलं, दुसरं काय देणार?

माझं काम घरोघर जायचं. सुईनंतर कसं वाटतंय ते विचारायचं, मांडी घालता येते का, उकिडवं बसता येतं का ते बघायचं. नुसतं विचारायचं नाही हं, समोर बसवून, उठवून बघायचं, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि या कामाला मलाच का घेतलं? मी तिकडचीच म्हणून. "तुमच्याशी बायका मोकळेपणानं बोलतील," असं ते म्हणाले.

मोकळेपणानं! अहो, आमच्याकडची सासुरवाशीण माहेरच्या माणसाशी मोकळं बोलते होय? माहेरचं कुणी दारात आलं की ती आधी डोळे पुसते, मग बाहेर येते. घरात साखर नसली तर शेजारून आणून चहा करते आणि निरोप देते — "लई बरं हाय, दादाला सांग सुखात हाय म्हून." अंगावर वळ असले तरी हाच निरोप. कारण आपलं दुखणं माहेरी पोचलं की भावाच्या घरात सहा महिने त्याचीच चर्चा, भावजयीची तोंडं वाकडी. डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं. मला पुरतं ठाऊक होतं. पहिलं "बरं हाय" हे उत्तर नसतंच. दुसऱ्यांदा विचारायचं असतं, तेही चहा पिऊन झाल्यावर, भांडी विसळायला तिच्याबरोबर मागच्या दारी जाऊन. माझ्या आईनं मला हे न शिकवता शिकवलं होतं.

सोनाआत्या माझ्या गावची लेक. नात्यानं कुणी नाही, पण गावची थोरली लेक म्हणून आत्या. डोंगराकडच्या एका वाडीत दिली होती. नवरा तरणाच गेला, एक मुलगी होती ती नाशकाकडं नांदत होती. आत्या दोन म्हशींवर एकटी राहायची. दूध डेअरीला घालायचं आणि कुणाच्या उंबऱ्याला जायचं नाही, असा तिचा ताठा. भावानं कितीदा म्हटलं असेल, ये इकडं. ती म्हणायची, "जोवर धार काढता येतीया तोवर मी माज्या घरात." धार काढायची म्हणजे म्हशीच्या कासेपाशी उकिडवं बसायचं, चरवी दोन्ही गुडघ्यांत धरायची. म्हणजे सगळा डोलारा त्या गुडघ्यांवर उभा होता. उजवा दुखायला लागला तेव्हा मीच तिला या अभ्यासात घेतलं. मोठ्या तोंडानं सांगितलं — आत्या, पुण्याचे डॉक्टर आहेत, फुकट सुई देतात.

पहिल्या सुईनंतर ती म्हणाली बरं हाय, मी लिहिलं बरं. दुसरीनंतरही तेच. सगळ्याच बायका तेच म्हणत होत्या आणि मी तेच लिहीत होते. दुसऱ्यांदा विचारायचं मी कधीच सोडून दिलं होतं. का? डॉक्टर एकदा सगळ्या स्टाफसमोर म्हणाले होते, "शकुंतला सिस्टरचे पेशंट सगळ्यात छान सुधारताहेत." नोकरी पक्की होईल असं वाटलं, ते होतंच. पण खरं सांगू? मला ते ऐकायला आवडलं होतं. नुसतं आवडलं होतं.

तिसऱ्या सुईनंतर गेले तेव्हा गोठ्यात म्हशीजवळ एक डालड्याचा डबा पालथा घातलेला दिसला. डब्यावर बसून कुणी धार काढतं का? ज्याला खाली बसता येत नाही, तोच.

"आत्या, हा डबा गं?"

"आगं, शेजारची पोर बसती त्याच्याव खेळत. तू चा घे."

मी चहा घेतला. बसून दाखव म्हटलं नाही. लिहिलं — उकिडवं बसता येतं.

पुढच्याच्या पुढच्या गुरुवारी तिला बैलगाडीत घालून आणलं. अंगात सणकून ताप, गुडघा पपईएवढा. आत पू झाला होता. सुईच्या वाटेनं घाण गेली की असं होतं, क्वचित होतं, पण होतं. डॉक्टरांनी चिरून धुतलं, पाय वाचवला. सांधा मात्र गेला. पाय काठीसारखा सरळ राहिला तो कायमचा.

ती खाटेवर पडलेली असताना डॉक्टरांनी मला विचारलं, "सिस्टर, तुम्ही गेला होतात ना घरी? काही म्हणाली होती का ही?"

मी म्हटलं, "नाही सर. बरं आहे म्हणाली होती."

"ही माणसं वेळेवर सांगतच नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"हो सर," मी म्हटलं.

इथवर ऐकून तुम्ही काय म्हणाल? पोरसवदा नर्स, नोकरी कच्ची, बाईनंही लपवलं — चुकली बिचारी. इतकी वर्षं मीसुद्धा स्वतःला अशीच गोष्ट सांगत आले. डब्यापाशी आणून थांबवायची. डबा पाहिला, ओळखलं, गप्प बसले. एवढा दोष घ्यायला मी केव्हाच तयार होते.

पण ते खोटं आहे. तिनं मला सांगितलं होतं.

चहा झाला, मी चपला घालत होते. तेव्हा ती म्हणाली, "शके, आत ये जरा." दार लोटून तिनं लुगडं गुडघ्यावर घेतलं. गुडघा लाल, तुकतुकीत. मी हात लावला — चटका बसावा असा गरम. नर्स होते ना मी! गरम सांधा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का?

"सुई दिल्यापास्नं असाच तापलाय बग," ती म्हणाली. "डोळ्याला डोळा न्हाई. तू आपल्यातली म्हून सांगती. दादाच्या कानाव घालू नगस... पन तुज्या डाक्तरला सांग. म्हस हाय, बाई, म्हशीला कळत न्हाई मालकीन आजारी हाय म्हून."

सासरी एवढी वर्षं काढलेल्या त्या बाईनं माहेरच्या माणसापुढं तोंड उघडलं ते बहुतेक त्या एकाच दिवशी. आणि ते माझ्यापुढं.

मी म्हटलं, "सुईचा ठणका आहे आत्या, उतरेल. गुरुवारी सांगते मी सरांना." आणि फाट्यावर येऊन एसटी धरली. ते "उकिडवं बसता येतं" मी एसटीत बसून लिहिलं, तो गरम गुडघा हाताला लागून तासही झाला नसेल.

गुरुवारी डॉक्टरांबरोबर मुंबईहून दोन पाहुणे आले होते, अभ्यास बघायला. डॉक्टर मला पुढं करून म्हणाले, "या आमच्या शकुंतला सिस्टर. यांच्या पेशंटची एक तक्रार नाही." पाहुणे माझ्याकडं बघून हसले. मीही हसले. तोंडाशी आलेलं गिळलं — म्हटलं, पाहुणे जाऊ देत. पाहुणे गेले. डॉक्टर गाडीत बसायला निघाले, मी दारापर्यंत गेले, आणि "नमस्कार सर" म्हणून परत आले. त्याच दिवशी जीप पाठवून तिला आणलं असतं तर सांधा बहुतेक वाचला असता. डॉक्टर रागावलेसुद्धा नसते. जीप लगेच काढली असती त्यांनी, हे मला तेव्हाही माहीत होतं.

आणि खाटेशी मी "नाही सर" म्हणाले ना, तेव्हा ती जागी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता बोलणार. ती डॉक्टरांना म्हणाली, "व्हय सायेब. म्या काय सांगितलंच न्हाई हिला. चुकलं माजं."

गावच्या पोरीला सांभाळून घेतलं तिनं. तापानं फणफणलेली, पाय फाडलेला, आणि माहेरचं नाव राखत होती! मी काय केलं? तिच्या उशाचा तांब्या भरून ठेवला.

तिला दिलं होतं ते औषध नव्हतं. मिठाचं पाणी होतं. डॉक्टरांनीच नंतर व्हरांड्यात मला सांगितलं, जरा सुटल्यासारखे होऊन. म्हणजे औषधावर बालंट नको. अभ्यासातून तिला वगळलं. माझ्याही मनावरचं ओझं उतरलं तेव्हा, लाज वाटते सांगायला, पण उतरलं. वर्षाच्या आत मी पक्की झाले.

म्हशी बाजारात गेल्या. भावानं तिला आणली, आमच्या गावात, जिथं दुखण्याचा वाराही लागू नये म्हणून ती जन्मभर हसत राहिली तिथंच. ओट्यावर पाय पसरून बसायची. दुमडताच येत नव्हता तर काय करणार? भावजय जाता-येता तो पाय ओलांडायची आणि प्रत्येक वेळी काहीतरी पुटपुटायची. मी दिवाळीला गेले की आत्या चारचौघींत मोठ्यानं म्हणायची, "ही आमची शकी. हिनं लई केलं माजं." बायका माझ्याकडं कौतुकानं बघायच्या. मी तिला एकदाही म्हटलं नाही की आत्या, असं म्हणू नकोस.

शेवटची भेटले तेव्हा ती फार थकली होती. भावजय रानात गेली होती, घरात आम्ही दोघीच. चहा तिला करता येत नव्हता, म्हणून मीच केला, आम्ही प्यायलो. मी म्हटलं, "कसं आहे, आत्या?"

"बरं हाय," ती म्हणाली.

आणि माझ्याकडं बघत राहिली. चहा झाला होता, घरात दुसरं कुणी नव्हतं. ती वाट बघत होती.

मी कप विसळून पालथे घातले, पिशवी उचलली. "निघते आत्या, गाडीची वेळ झाली."

"जा, बाई. जपून जा."

गाडीला अजून बराच वेळ होता.