सूक्ष्मदर्शकासमोर किंचाळू नये

आमच्या लॅबमधले किस्से कुणाला सांगायचे नाहीत, असं मी ठरवलं होतं. पण राग आला की एक आठवतो, त्याला धरून दुसरा येतो, आणि समोरचा चहा गार होतो. आज होऊ दे गार!

आधी एक कबूल करते. मी दचकते. स्टूल सरकलं तरी दचकते आणि दचकले की "माय वं!" म्हणून किंचाळते. हायड्रोजनच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह फुस्स झाला की मी दाराशी! आवाज प्राचार्यांच्या केबिनपर्यंत जातो.

लॅब अटेंडंट सुदामभाऊ म्हणायचे, "ताई, सिलिंडरले कायले भेता? तोच तुमाले भेते!"

वीस वर्षांत सुदामभाऊंच्या हातून साधी टेस्टट्यूब फुटली नव्हती. माझ्या हातून आठवड्याला एक.

*

माझं काम काय, तर निकेलचे अतिसूक्ष्म कण पऱ्हाटीच्या कोळशावर बसवायचे आणि उत्प्रेरक म्हणून वापरायचे. कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी झाडं उरतात ना, ती पऱ्हाटी. ती मी बोरी अरबच्या मामाकडून आणायची. बसच्या टपावर भारा चढवताना मामा म्हणाला, "एवढी शिकली अन् पऱ्हाट्याच उचलून राह्यली का वं?"

"मामा, रिसर्च आहे तो."

"मंग ठीक. आजवर कापसावर रिसर्च कराले जे आले, ते जीपमधून खाली उतरले नाई. तू भारा तरी उचलला!"

*

त्या वर्षांत कापसाचं नाव काढलं की यवतमाळात कॅमेरा हजर. आमच्या लॅबमध्येही आला. फोटोग्राफरनं मला भारा हातात देऊन आवारात उभं केलं.

"मॅडम, जरा दुःखी चेहरा करा."

"का? माझा प्रयोग जमलाय हो!"

"ते असू द्या. कापूस आहे ना! खाली बघा."

फोटो छापून आला. संशोधक म्हणून नाव आमच्या सरांचं. आणि मी कोण? 'पऱ्हाटी वेचणारी महिला'!

*

सर म्हणजे विभागप्रमुख आणि माझे गाइड. त्यांनी शोधनिबंधात लिहून टाकलं होतं की चारशे अंशांवर तापवलं तरी हे कण जागचे हलत नाहीत. पुरावा? तापवण्याआधीचा एक फोटो आणि थंड झाल्यावरचा एक.

मी म्हटलं, "सर, काम चालू असताना बघायला हवं. गरम असताना, गॅस सोडलेला असताना."

"आधीचा फोटो आहे, नंतरचा आहे. मधे काय बघायचंय?"

इतका संताप आला! गावात समित्या येतात त्याही अशाच, एक तर पेरणीआधी, नाही तर सगळं संपल्यावर. मधे कोण येतं? हे सगळं सुदामभाऊंजवळ बडबडले.

ते शांतपणे म्हणाले, "सरले भाजी काहून करपली ते कधीच नाई समजनार. ते जेवाच्या टायमालेच येते."

*

गॅसमध्ये तापवत तापवत कण दाखवणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक दुसऱ्या शहरात, एका संशोधन केंद्राच्या तळघरात होता. आठ महिन्यांनी आमचा नंबर लागला. सर सोबत आले आणि स्टेशनवरूनच मेव्हण्याकडे गेले. "तू सुरू कर, मी आलोच." आले ते दुसऱ्या दिवशी, परतीची बॅग घेऊन!

तिथल्या ऑपरेटर मॅडमनी कोळशाची चिमूटही नाही एवढी पूड काचेसारख्या दोन पातळ पापुद्र्यांमध्ये बंद केली, त्यात हायड्रोजन सोडला आणि तापमान वाढवलं. मला दम दिला, "जोरात बोललं तरी चित्र थरथरतं. खोकायचं असेल तर बाहेर."

"मॅडम, मी दचकते."

"इथे दचकण्यासारखं काही नाही."

पडद्यावर काळे ठिपके. दोन तास ढिम्म! सर बरोबर होते की काय, असं वाटायला लागलं. तेवढ्यात एक ठिपका थरथरला, सरकत सरकत शेजाऱ्यापाशी गेला आणि त्याला गप्पकन गिळून मोकळा.

"माय वं!"

अख्खं चित्र हादरलं. मॅडम म्हणाल्या, "झालं रेकॉर्ड."

"कण?"

"कणही आणि तुम्हीही. आवाज नाही, पण हादरा कायमचा."

निघताना त्या म्हणाल्या, "हे निरीक्षण तुमच्या नावावर येऊ द्या. इथे जागा निघणार आहे, मी तुमचं नाव सुचवते." परतीच्या गाडीत मी एकदाही दचकले नाही.

*

व्हिडिओ बघून सर आधी चिडले. "हे कुणाला दाखवू नकोस. हलत नाहीत असं आपण लिहिलंय!" महिन्याभरात त्यांना कुणी तरी सांगितलं की असं चित्रण फार मोलाचं असतं. लगेच कॉलेजात परिसंवाद! पत्रिकेत वक्ते सर, निरीक्षण सरांचं.

मी धीर करून विचारलं, "सर, माझं नाव?"

"आहे की! नीट बघ. अल्पोपाहार समिती."

*

परिसंवादाला बाहेरून एक वयस्कर पाहुणे आले होते. त्या केंद्राच्या निवड समितीवरही तेच होते. मी शेवटच्या रांगेत पोह्यांच्या प्लेटा मोजत होते.

सर म्हणाले, "मी स्वतः चार तास पापणी न लववता पडद्यासमोर बसलो होतो."

व्हिडिओ लागला. ठिपका सरकला, त्यानं शेजाऱ्याला गिळलं, चित्र हादरलं.

पाहुणे म्हणाले, "थांबवा. इथे चित्र का हललं?"

"बाहेरून ट्रक गेला, सर."

"तळघरात?"

"मोठा ट्रक होता."

तेवढ्यात माझ्या मागे सुदामभाऊंच्या हातून स्टीलच्या ग्लासांचा अख्खा ट्रे खाली पडला.

"माय वं!"

सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. सुदामभाऊ ग्लास वेचता वेचता म्हणाले, "माफी असावी साहेब. आमच्या ताई दचकते. कुठंबी दचकते. तिकडं मशीनजवळबी दचकल्या म्हने."

पाहुण्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग चष्मा काढून पुसला.

"सर," ते म्हणाले, "तुमचा ट्रक मागच्या रांगेत बसलाय. त्याला जरा पुढे बोलवा."